स्टार्टर दहाचा, बोनस पाचाचे

(रौप्यमहोत्सवी आंतर-विंग प्रश्नमंजूषेच्या आदल्या रविवारी क्लब हाउसमध्ये चारही संघांपुढे केलेले भाषण. संपादक मंडळाच्या आग्रहावरून जवळजवळ जसेच्या तसे.)

पुढच्या रविवारी माझ्यासमोर बटणावर बोट ठेवून बसणारे चार विंगचे सोळा खेळाडू,

कमिटीने मला सांगितलं आहे, "वीस मिनिटांत नियम समजावून सांगा." सांगतो. पण नियम नुसते वाचून दाखवले की त्याचं सर्क्युलर होतं, आणि पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर मला एवढं ठाऊक आहे की सर्क्युलरवर सगळे सही करतात, वाचत कोणी नाही. तेव्हा नियमांबरोबर ते कुठून आले आणि का आले, हेही सांगणार आहे.

प्रश्नमंजूषा म्हटलं की आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 'कौन बनेगा करोडपती' येतं. २००० सालापासून ते आपल्या घरात आहे. चांगला कार्यक्रम आहे, मीही बघतो. पण तिथे खुर्चीवर माणूस एकटा. चुकला तरी एकट्याचं नुकसान. त्याच्या आधी, १९८५ साली, दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' आलं, तेव्हा कॉलेजच्या पोरापोरींना संघ करून खेळताना आपण पहिल्यांदा टीव्हीवर पाहिलं. पुढे शाळांसाठी डेरेक ओब्रायन यांची 'बोर्नव्हिटा क्विझ' आली. त्या काळी आमच्या घरी रात्रीचं जेवण वेळेवर व्हायचं ते या दोन कार्यक्रमांमुळे.

आपल्या गणेशोत्सवातली प्रश्नमंजूषा मात्र वेगळ्या पद्धतीची असते. प्रश्न एका संघाला, नाही आलं तर पुढच्याला 'पास'. आणि दरवर्षी विसर्जनापर्यंत एकच भांडण: "त्यांना सोपा आला, आम्हाला अवघड आला." ते भांडण खोटंही नसतं. म्हणून या वर्षी मी कमिटीपुढे दुसरी पद्धत ठेवली. तिचं नाव 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'.

हा ब्रिटनमधला कार्यक्रम. मूळ कल्पना अमेरिकेतली. डॉन रीड नावाच्या गृहस्थांनी १९५३ साली तिथल्या रेडिओवर 'कॉलेज बोल' सुरू केलं, त्यावरून १९६२ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर हे आलं. बॅम्बर गॅस्कॉइन यांनी १९८७ पर्यंत प्रश्न विचारले. मग काही वर्षं बंद होतं. १९९४ मध्ये बीबीसीने पुन्हा सुरू केलं ते जेरेमी पॅक्समन यांच्याबरोबर. हे गृहस्थ उत्तराला उशीर झाला की असे वैतागायचे की मला आमच्या एका जुन्या इन्स्पेक्शन ऑफिसरांची आठवण यायची. २०२३ पासून अमोल राजन विचारतात, त्यांचा जन्म कोलकात्याचा. मध्यंतरी 'युनिव्हर्सिटी चॅलेंज इंडिया'ही झालं होतं, बीबीसी वर्ल्डवर, प्रश्न विचारायला पुन्हा सिद्धार्थ बसूच. पण मला या खेळाचं वेड लागलं ते मुलीकडे इंग्लंडला सहा महिने राहिलो तेव्हा. सोमवारी संध्याकाळी मी आणि जावई सोफ्यावर, आणि आम्ही दोघेही गप्प. एकमेकांशी बोलायला विषय सापडला तो त्या कार्यक्रमानंतर.

आता नियम. नीट ऐका, मंगेश-साधना गप्पा नंतर.

दोन संघ, प्रत्येकी चार जण. मी एक प्रश्न विचारतो, तो स्टार्टर. त्याला दहा गुण. आठही जणांपुढे बटण. ज्याने आधी दाबलं त्यानेच उत्तर द्यायचं, एकट्याने. शेजारच्याकडे बघायचं नाही, कुजबुज नाही, खूण नाही. बरोबर आलं की त्या संघाला तीन बोनस प्रश्न, प्रत्येकी पाच गुणांचे, आणि ते फक्त त्यांचेच. इथे मात्र चौघांनी डोकी एकत्र करायची, आणि उत्तर द्यायचं कप्तानाने. कप्तानाला वाटलं तर तो नाव घेऊन दुसऱ्याला उत्तर द्यायला सांगू शकतो. एरवी बाकी कोणी कितीही मोठ्याने ओरडलं तरी मी ते ऐकलेलं नाही.

आता दंड. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत बटण दाबलं आणि उत्तर चुकलं, तर पाच गुण वजा. मग मी समोरच्या संघाला पूर्ण प्रश्न वाचून दाखवतो. ते चुकले तर त्यांना दंड नाही, कारण त्यांनी मला मध्ये तोडलेलं नाही.

हिशोब मांडू या, जुनी सवय आहे. स्टार्टर आणि तीन बोनस मिळून पंचवीस. घाईने चुकलात तर तुमचे पाच गेले, आणि समोरच्यांनी सगळे उचलले तर त्यांना पंचवीस. म्हणजे तीसचा फटका. तोच प्रश्न तुम्ही बरोबर सोडवून तिन्ही बोनस घेतले असते तर तुम्ही पंचवीसने पुढे असता. एका बोटाच्या घाईत पंचावन्नचा फरक.

उदाहरण देतो. समजा मी म्हणालो, "देवराष्ट्रे गावी जन्मलेले, 'कृष्णाकाठ' हे आत्मचरित्र लिहिणारे..." इथेच सी विंगमधून टर्रर्र! "यशवंतराव चव्हाण!" वजा पाच. कारण पुढचा प्रश्न असा होता: "...महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री १९६२ मध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, तेव्हा त्यांच्या जागी मुख्यमंत्री कोण झाले?" उत्तर मारोतराव कन्नमवार. हसू नका, असे प्रश्न मी पाच-सहा काढून ठेवलेत.

आणि बोनस असे: कृष्णेला कोयना कुठे मिळते? कऱ्हाडला. वारणा कुठे मिळते? सांगलीजवळ हरिपूरला. पंचगंगा? नरसोबाच्या वाडीला. यात पहिलं उत्तर शाळेतल्या मुलाला येईल, दुसरं सांगलीच्या माहेरवाशिणीला, तिसरं दर पौर्णिमेला वाडीला जाणाऱ्या आजोबांना. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात तिन्ही असतील असं नाही. म्हणून बोनसला बोलायचं.

मला या खेळात आवडतं ते नेमकं हेच. आधी एकट्याने जबाबदारी, मग चौघांनी मिळून. बँकेत ज्याला आम्ही पासिंग पॉवर म्हणायचो, म्हणजे अमुक रकमेपर्यंत चेक पास करायचा तर तुझ्या एकट्याच्या सहीवर, कोणाला विचारायला जायचं नाही. आणि स्ट्राँगरूम मात्र दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, मग तुम्ही मॅनेजर असा नाहीतर आणखी कोणी. ज्या माणसाला या दोन्हींतला फरक कळत नाही, तो कॅश विभागात धोकादायक. मॅनेजिंग कमिटीतही. (सेक्रेटरीसाहेब, तुमच्याकडे बघून म्हटलं नाही.)

कप्तानांना एक खास विनंती. इंग्लंडात बघताना मला सगळ्यात जास्त चुटपुट लागायची ती अशा वेळी, की टोकाला बसलेली एखादी मुलगी हळूच बरोबर उत्तर सांगते, मायक्रोफोनवर आपल्याला ते ऐकू येतं, आणि कप्तान शेजारच्या मोठ्या आवाजाच्या मुलाचं चुकीचं उत्तर देऊन मोकळा होतो. मुलगी काही बोलत नाही. पुढच्या बोनसला ती कुजबुजतही नाही. आपल्या प्रत्येक संघात एक जण अठराच्या आतला आणि एक साठच्या वरचा हवा, असं कमिटीने ठरवलं आहे. त्यातल्या अठराच्या आतल्याचा आवाज बारीक असणार, आणि साठच्या वरच्याचा... माझा ऐकताच आहात.

बाकीचं भराभर सांगतो. एक चित्रफेरी, एक संगीतफेरी. चित्राचा स्टार्टर कोणालाच आला नाही, तर पुढचा साधा स्टार्टर जो जिंकेल त्याला ते चित्रांचे बोनस. घंटा झाली की खेळ संपला, मी वाक्याच्या मध्ये असलो तरी. बरोबरी झाली तर आणखी एक स्टार्टर, जो बरोबर देईल तो जिंकला. बटण दाबल्यावर तिथे निवेदक कॉलेजचं नाव आणि खेळाडूचं आडनाव पुकारतो. आपल्याकडे बी विंगच्या संघात दोन जोशी आहेत, म्हणून "बी, थोरले जोशी" असं पुकारलं जाईल. टीव्हीवर तिथे एक संघ दुसऱ्याच्या डोक्यावर बसलेला दिसतो. तो कॅमेऱ्याचा खेळ आहे, प्रत्यक्षात दोन्ही शेजारी शेजारी जमिनीवरच असतात. आपल्या डी विंगमधल्या एका चिरंजीवांनी मला विचारलं होतं, माळा बांधणार का, म्हणून सांगितलं.

आता जरा अवघड भाग. गेले पंधरा दिवस जिन्यात, लिफ्टमध्ये आणि व्हॉट्सॲपवर जे चाललं आहे, त्याबद्दल न बोलता मी खाली बसलो तर ते बरं दिसणार नाही. खेळायचं कोणी? भाडेकरूंनी खेळायचं का? लग्न होऊन गेलेल्या, पण महोत्सवासाठी माहेरी येणाऱ्या मुलींनी खेळायचं का?

२००९ साली 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'च्या अंतिम सामन्यात ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी कॉलेजने मँचेस्टर युनिव्हर्सिटीला २७५ विरुद्ध १९० असं हरवलं. त्यांची कप्तान गेल ट्रिंबल. एवढी हुशार की वर्तमानपत्रांत तिच्यावर लेख आले. आणि सामना दाखवून झाल्यावर काही दिवसांतच उघडकीला आलं की त्यांच्यातला एक खेळाडू मालिका चालू असतानाच विद्यार्थी राहिला नव्हता. तो शिक्षण संपवून अकाउंटंटची उमेदवारी करायला लागला होता. नियम असा की सगळ्या फेऱ्या होईपर्यंत खेळाडू त्या संस्थेचा विद्यार्थी हवा. बीबीसीने विजेतेपद काढून घेतलं आणि मँचेस्टरला दिलं. मला विचाराल तर निर्णय बरोबर, वेळ चुकीची. खातं उघडायच्या आधी कागद बघायचे असतात, कर्ज बुडाल्यावर नव्हे.

त्याच मँचेस्टरची आणखी एक गोष्ट. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचं प्रत्येक कॉलेज वेगळा संघ पाठवू शकतं, बाकीच्या बहुतेक युनिव्हर्सिटींना प्रत्येकी एकच संघ. मँचेस्टरच्या मुलांना हा अन्याय वाटला. १९७५ मध्ये ती खेळायला बसली आणि प्रश्न काहीही असो, उत्तर एकच पठडीतलं: चे गेव्हारा, मार्क्स, ट्रॉट्स्की, नाहीतर लेनिन! त्या दिवशी हरायचंच ठरवून आले होते. नियम तसाच राहिला. पण पुढे २००६, २००९, २०१२ आणि २०१३ अशी चार विजेतेपदं मँचेस्टरने घेतली, त्याच नियमात खेळून. डी विंगचे चौदाच फ्लॅट आणि ए विंगचे छप्पन्न, तरी संघ एकेकच, ही डी विंगची तक्रार मी ऐकली आहे. तुमचं म्हणणं खोटं नाही. फक्त सगळ्या प्रश्नांना 'लेनिन' म्हणू नका, एवढंच.

भाडेकरूंबद्दल. कायद्याच्या भाषेत सभासद कोण, सहयोगी सभासद कोण, नाममात्र सभासद कोण, हे मला माहीत आहे, मी या सोसायटीचा सहा वर्षं खजिनदार होतो. मतदान असतं तर ती भाषा चालली असती. हा खेळ विंगचा आहे, आणि विंग म्हणजे शेअर सर्टिफिकेट नव्हे. पाणी गेलं की जे बादल्या घेऊन टाकीकडे धावतात ती विंग. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी नववीतली एक मुलगी निवड चाचणीत वीसपैकी सतरा प्रश्न बरोबर सोडवून पहिली आली. "तिचं नाव काढा, नाहीतर आमचं काढा," असं ज्यांनी कमिटीला लिहून दिलं ते माझे मित्र आहेत आणि समोरच बसले आहेत. कमिटीने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं आहे: एक जानेवारीपासून सलग जो इथे राहतो तो खेळेल, घर मालकीचं असो वा भाड्याचं. ठराव नोंदवला गेला आहे, नोटीस बोर्डावर लागला आहे, पहिला प्रश्न विचारायच्या आधी. सामना झाल्यावर हा विषय कोणी काढला तर मी उत्तर देणार नाही.

याच नियमाने माझी मुलगीही बाद. ती येत्या शुक्रवारी येते आहे आणि फोनवर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. स्टार्टरला तिचा हात इतका चालतो की ए विंगचा कप्तान मला तीनदा भेटून गेला. त्यालाही मी नोटीस बोर्ड दाखवला.

बटणांची जोडणी आपल्या इलेक्ट्रिशियनने केली आहे. एकाने दाबलं की त्याच्यासमोरचा दिवा लागतो आणि बाकीची सात बटणं बंद पडतात, त्यामुळे "मी आधी दाबलं होतं" याला जागा नाही. बुधवारी रात्री साडेनऊला इथेच सराव. सी विंगचं चौथं नाव अजून आलेलं नाही, ते उद्या दुपारपर्यंत ऑफिसात द्या. आणि थोरले जोशी, तुमचं ऐकण्याचं यंत्र त्या दिवशी घरी विसरू नका.