बोलावणं आणि आग्रह
(मेळाव्यातील मनोगत)



नोकरीनिमित्त ओसाकात होतो तेव्हा मी संध्याकाळी जपानीच्या वर्गाला जात असे. वर्गात बहुतेक चिनी. कांजी अक्षरं त्यांच्या ओळखीची. मी मात्र एकेक गिरवत बसे. पण कुणाला बोलवायचं म्हटलं की तेही माझ्याइतकेच अडखळत.

एका चिनी मित्राने बाईंना विचारलं, ‘कॉफी नोमिताई देस का?’ म्हणजे, प्यायची आहे का? व्याकरण बिनचूक, तरी बाई क्षणभर गप्प झाल्या. मोठ्या माणसाला त्याची इच्छा अशी थेट विचारणं जपानीत बरं दिसत नाही. तिथे म्हणतात, ‘नोमिमासेन का?’ शब्दशः, ‘पिणार नाही का?’ आपल्याकडे ही तक्रार वाटेल. तिथे तो आदर. शिवाय आधी ‘योकत्तारा’, म्हणजे ‘जमत असेल तर’, जोडायचं. समोरच्याला नकाराची वाट मोकळी ठेवायची.

चिनीत वाक्याच्या शेवटी ‘बा’ लावलं की झालं, ‘चल, जाऊ या!’ त्याच सवयीने माझे मित्र जपानीत सरळ ‘इकिमाशो!’ म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, आपलं येणं यांनी ठरवूनच टाकलं!

खरी पंचाईत नकारानंतर. याच मित्राने चिनी नववर्षाला एका जपानी सहकाऱ्याला घरी करंजीसारखे ज्याओझी खायला बोलावलं. तो म्हणाला, ‘चोत्तो...’ म्हणजे ‘जरा...’. वाक्य अर्धवट सोडलं की नकार पूर्ण. पण मित्राच्या घरी पहिला नकार ही फक्त भीड. एकदाच विचारणं म्हणजे मनापासून न बोलावणं. त्याने तीनदा विचारलं. सहकारी त्याला टाळू लागला. मित्र फार दुखावला. जिलबीच्या आग्रहात वाढलेल्या मला त्याचं दुःख लगेच कळलं.

चूक दोघांचीही नव्हती. एकाला समोरच्याची अडचण जपायची होती, दुसऱ्याला ‘तू मला हवा आहेस’ हे सांगायचं होतं.

मंडळी, मेळाव्याचं बोलावणं आलं की मीही दर वेळी ‘बघतो’ म्हणायचो. तो माझा ‘चोत्तो’. तुम्हीही समजूतदारपणे पुन्हा विचारत नव्हतात. दरम्यान आपले गणिताचे सर गेले. त्यांना भेटायचं राहूनच गेलं. यंदा आपल्यातल्या एकाने तिसऱ्यांदा फोन केला आणि एवढंच विचारलं, ‘तिकीट काढलंस का?’ म्हणून आज इथे उभा आहे.

पुढच्या वेळी कुणी ‘बघतो’ म्हणालं, तर आणखी एकदा विचारा.