काट्यावर विश्वास, पण पारखून

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)

 

भेस्तानातल्या आपल्यापैकी अनेकांचं मूळ गाव खानदेशात. आखाजीला, दिवाळीला गावी निघालो की व्यारा, सोनगड, नवापूर आणि पुढे कोंडाईबारीचा घाट. काही घरांत वडिलांची पद्मिनी अजून जपलेली आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची ही कुर्ल्याची गाडी. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. घरची गाडी टिकवायची, तर इंजिनचा ताप बरोबर ओळखता आला पाहिजे. आम्ही सरकारी नोकरीतले डिप्लोमावाले, तेव्हा चार कामाच्या गोष्टी सांगतो.

पहिली. तापमानाचा काटा सेन्सरपाशी असलेल्या पाण्याचं तापमान सांगतो, इंजिनच्या धातूचं नाही. होज फुटून पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क खाली येऊ शकतो. घाट चढताना काटा एकाएकी उतरला, तर हायसं वाटून घेऊ नका. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. पद्मिनीचं हेड ॲल्युमिनियमचं. ते तापून वाकलं, गॅस्केट गेलं, की आजी-नातवंडांसह रात्र रस्त्यावर.

दुसरी. एका वायरीच्या सेन्सरला अर्थ त्याच्या आट्यांतून मिळतो. गळती थांबवायला आट्यांवर पांढऱ्या टेपचे थर गुंडाळले, की अर्थ कच्चा होतो आणि काटा कमी दाखवतो.

तिसरी. काटा घरीच तपासता येतो. इंजिन पूर्ण थंड असताना सेन्सर काढा. त्याची वायर जोडलेलीच ठेवा, सेन्सरच्या धातूला दुसऱ्या वायरीने बॉडीचा अर्थ द्या आणि किल्ली फिरवा. सेन्सरचं टोक गरम पाण्यात बुडवून शेजारी थर्मामीटर धरा. ८० अंशाला आणि पाणी उकळताना, म्हणजे आपल्या सुरतेत जवळपास १०० अंशाला, मीटरच्या काचेवर रंगाचा ठिपका द्या. छापील खुणांपेक्षा हे ठिपके खरे.

चौथी. कोरोनात कपाळावर धरायची बंदूक इथे चालत नाही, कारखान्यात वापरतात ती लागते. तीही चकचकीत धातूवर कमी आकडा दाखवते. म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर उष्णता सोसणारी काळी टेप लावून त्यावर नेम धरा.

आणि माता-भगिनींनी घरच्या पुरुषांना एक बजावून ठेवावं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर गेलेलं असतं. झाकण फिरवताच ते उसळून तोंडावर येतं.

पोराला ताप आला, तर आपण थर्मामीटर आधी झटकून घ्यायचो. गाडीच्या काट्यालाही तोच नियम लावा. यंदा दिवाळीला निघण्याआधी एक रविवार त्याला द्या.

मंगलमूर्ती मोरया!