मॉनिटर घेण्याआधी जोडणीची जागा बघा

आमच्या बचत गटाच्या जुन्या लॅपटॉपचा पडदा गेला. आत तर सगळ्या कर्जांचा हिशेब! ओळखीच्या मुलाने दुसऱ्याचा मॉनिटर आणून जोडला आणि हिशेब दिसला. म्हणजे लॅपटॉप चांगला होता, फक्त पडदा हवा होता.

आम्ही घाईने मॉनिटर आणला. त्याला नुसती एचडीएमआयची जागा, लॅपटॉपला नुसती व्हीजीएची. साधी वायर लावून चालेना. व्हीजीएचा सिग्नल ॲनालॉग, एचडीएमआयचा डिजिटल. मध्ये कन्व्हर्टर लागतो. पैसा बचतीचा, बैठकीत काय सांगायचं? दुकानदाराने बदलून दिला म्हणून निभावलं.

तेव्हा आधी आपल्या संगणकाची जागा बघा. तीन ओळींत १५ भोकं, दोन्ही बाजूंना स्क्रूची सोय, बहुधा निळा रंग, ती व्हीजीए. लहान, चपटी, स्क्रू नसलेली ती एचडीएमआय. मोबाइलवर फोटो काढून दुकानात दाखवा. दोन्ही जागा असलेला मॉनिटर मिळाला तर उत्तम, उद्या संगणक बदलला तरी चालेल. व्हीजीएतून आवाज जात नाही, हेही लक्षात ठेवा.

महागड्या फोर-केच्या मागे लागू नका. हिशेबाला २२ इंची, १९२० बाय १०८०चा पुरतो. जमलं तर संगणक सोबत न्या, जोडून बघा, मगच पैसे द्या. पावती मागून घ्या.

पैसा सगळ्यांचा आहे. दुकानात चार प्रश्न विचारायला लाजायचं नाही.