यंत्रापुढची रांग

बँकेच्या खिडकीपाशी आपण उभे असता आणि आतून उत्तर येते, “जरा थांबा हं, सिस्टीम स्लो आहे.” आता यंत्र काही आळसावलेले नसते. आत कुणी तरी वर्षभराच्या व्यवहारांचा मोठा गोषवारा काढावयास लावलेला असतो आणि आपली दोन ओळींची चौकशी त्याच्यामागे खोळंबते. मग कुणाचे काम आधी, हे ठरवायचे कसे?

आयबीएम कंपनीने आपल्या मोठ्या संगणकांसाठी १९९४ साली ‘वर्कलोड मॅनेजर’ नावाची सोय आणली. पूर्वी तंत्रज्ञ प्रत्येक जातीच्या कामाचे प्राधान्य बारीकसारीक आकड्यांनी लावून देत. नव्या पद्धतीत यंत्राला उद्दिष्ट सांगावयाचे. उदाहरणार्थ, शंभरांतल्या नव्वद चौकश्यांना एका सेकंदाच्या आत उत्तर मिळावे. जोडीला महत्त्वाचा क्रम, १ ते ५. ताण पडला की मागच्या क्रमांकाच्या कामांनी आधी वाट द्यावयाची.

आता गंमत पहा. सोय एवढी चांगली, पण ती एकदम कुणावर लादली गेली नाही. जुनी आणि नवी पद्धत कित्येक वर्षे शेजारी शेजारी नांदल्या. जोडलेल्या यंत्रांपैकी एकच नव्या पद्धतीवर घ्यावे, न जमल्यास परत फिरावे, अशी मुभा होती. जुनी पद्धत गेली ती २००२ साली.

ही सबुरी कशासाठी? कोणते काम यंत्राचा किती वेळ खाते, हे पुष्कळदा कुणी मोजलेलेच नसते. म्हणून आधी नुसते मोजावे, कुणाला अडवू नये. मग कामांचे मोजकेच वर्ग पाडावेत. नंतर एका यंत्रावर चालवून पहावे, आणि त्यात महिनाअखेरचा पगाराचा दिवस यावयासच हवा. निवांत दिवशी काय, सगळेच सुरळीत चालते!

खरी अडचण पुढेच आहे. प्रत्येक खाते म्हणते, “आमचं काम पहिल्या नंबरचं.” सगळेच पहिले झाले, तर रांग उरली कुठे? यंत्र क्रम पाळील. पण मागे कुणी थांबायचे, हे माणसांनीच एकत्र बसून ठरवावयास हवे. आणि ज्याला थांबावयाचे, त्याला ते आधी सांगावयास हवे. गोषवारा रात्री निघेना का, सकाळी साहेबांच्या टेबलावर असला म्हणजे झाले.