सरवा वेचणाऱ्यांचा चित्रकार



सुगी उरकून धान्य खळ्यावर गेले, म्हणजे रिकाम्या शेतात सांडलेली कणसे गोरगरीब वेचून नेतात. मराठीत यास सरवा म्हणतात. फ्रान्समध्येही ही चाल होती आणि तो गरिबांचा हक्क मानला जाई. ज्याँ-फ्रांस्वा मिले याने सरवा वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे चित्र १८५७ साली पॅरिसच्या ‘सालों’ या अधिकृत प्रदर्शनात मांडले, तेव्हा मात्र प्रतिष्ठित समाज अस्वस्थ झाला.

चित्रात आहे तरी काय? दोन स्त्रिया जमिनीपर्यंत वाकून ओंब्या वेचीत आहेत, तिसरी अर्धवट वाकलेली आहे. दूरवर पेंढ्यांच्या उंच गंजी, भरलेली गाडी आणि घोड्यावर बसलेला देखरेख्या दिसतो. त्या गंजी आणि या मूठभर ओंब्या यांतील अंतर चित्रकाराने एक शब्दही न बोलता दाखविले आहे. १८४८ च्या क्रांतीला नऊच वर्षे झाली होती. एका टीकाकाराला तर या स्त्रियांच्या मागे १७९३ मधील वधस्तंभ दिसू लागले! मिले स्वतःला समाजवादी म्हणवून घेत नसे. आपण पाहिले तेच रंगविले, असे त्याचे म्हणणे असे.

आणि त्याने ते खरोखरच पाहिले होते. ४ ऑक्टोबर १८१४ रोजी नॉर्मंडीतील ग्रुशी या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. तरुणपणी शेतात राबला. शेरबूर येथे चित्रकलेचे धडे घेऊन १८३७ मध्ये शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला आणि पॉल देलारोशच्या हाताखाली शिकला. पोटासाठी व्यक्तिचित्रे रंगवीत त्याने काही वर्षे काढली. १८४९ मध्ये पॅरिसमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा तो मुलाबाळांसह फोंतेनब्लोच्या अरण्यालगतच्या बार्बिझों गावी आला. पुढचे जवळजवळ सारे आयुष्य त्याने तेथेच घालविले. ‘पेरणारा’, ‘कुदळवाला’ ही त्याची चित्रे याच काळातील होत.

‘आंजेलस’ हे चित्रही तेथलेच. तिन्हीसांजेला प्रार्थनेची घंटा ऐकून बटाट्याच्या शेतात एक पुरुष व एक स्त्री माना खाली घालून उभी आहेत. घंटा होताच काम थांबवायला लावणाऱ्या आजीची आठवण या चित्रामागे होती. हे चित्र सुमारे हजार फ्रँकला विकले गेले. १८६८ मध्ये मिलेला शासकीय सन्मान मिळाला. २० जानेवारी १८७५ रोजी तो वारला. १८८९ च्या लिलावात त्याच ‘आंजेलस’ला ५,५३,००० फ्रँक आले. चित्र अमेरिकेत गेले, पुढे एका श्रीमंत फ्रेंच व्यापाऱ्याने ते परत आणले. आज ते पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्या लिलावाचा एक छदामही मिलेच्या कुटुंबाला मिळाला नाही.

जे त्याने रंगविले, तेच त्याच्या वाट्याला आले: गंजी दुसऱ्याच्या, याच्या हाती मूठभर ओंब्या. चित्राच्या पुनर्विक्रीत कलावंताला व त्याच्या वारसांना वाटा देणारा कायदा फ्रान्सने १९२० मध्ये केला, तेव्हा अशाच उदाहरणांचे स्मरण लोकांना होते. भारताच्या कॉपीराइट कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीने असा हक्क आला. म्हणून मिलेच्या चित्रापुढे उभे राहाल, तेव्हा त्याची किंमत विचारू नका. त्या वाकलेल्या पाठी पाहा. त्या कोणाच्या आहेत, हे आपणा भारतीयांस वेगळे सांगावे लागणार नाही.