न मिळालेल्या पदवीची गोष्ट



आज ज्यांना बक्षिसं मिळाली त्यांचं मनापासून कौतुक. पण मला बोलायचंय ते आपल्यात काहीतरी कमी आहे असं वाटणाऱ्या मुलामुलींशी.

त्यांच्यासाठी ही पंडिता रमाबाईंची गोष्ट. रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं. पण त्यांना ऐकू कमी येऊ लागलं होतं आणि त्यापायी वैद्यकीचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. वय पंचविशीचं. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेलेले, मग भाऊ, मग पती. पदरी लहानगी लेक मनोरमा. त्याच वर्षी इंग्लंडमधल्याच वाँटेज इथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

कान काही बरे झाले नाहीत. इथे ख्रिस्ती श्रद्धेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलंय, की शरीरातला एक काटा निघावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरेल, एवढंच देवाचं उत्तर आलं. आपण सहज म्हणतो, जिद्दीने दुबळेपणावर मात करा. पौल तसं म्हणत नाही. तो दुबळेपणा लपवत नाही, उघडपणे देवापुढे ठेवतो, आणि आधार मागायची त्याला लाज वाटत नाही.

रमाबाईही तशाच जगल्या. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना केडगावला आणून आश्रमात आसरा दिला. उपाशी माणसाचे हाल त्यांना पुस्तकातून कळले नव्हते. ते त्यांनी भोगले होते.

आणि त्यांचं बायबलचं मराठी भाषांतर! ज्या संस्कृतच्या बळावर कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं, त्या संस्कृतचा भारदस्तपणा त्यांनी भाषांतरात आपणहून बाजूला ठेवला. मूळ ग्रंथ वाचता यावा म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि लिहिलं ते मात्र कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा साध्या मराठीत. 1921 मध्ये मनोरमाही गेली. एकुलती एक लेक. तरी काम थांबलं नाही. एप्रिल 1922 मध्ये रमाबाईंनी डोळे मिटले, तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं. ते छापलं केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात. तिथे खिळे जुळवायला बसत त्या आश्रमातल्याच बायका, जगाने ओझं म्हणून टाकून दिलेल्या.