शिखर म्हणजे अर्धी वाट

(पदभ्रमणाची आवड असलेल्या तरुण-तरुणींच्या आणि त्यांच्या पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मित्रहो, आणि मागच्या रांगांत थोड्या काळजीनेच बसलेल्या पालकांनो,

येत्या रविवारी आपल्यापैकी बरेच जण कळसूबाईला जाणार आहेत. 'एका दिवसातले शिखर' या विषयावर बोला आणि शक्यतो स्फूर्तिदायक बोला, अशी संयोजकांची सूचना आहे. स्फूर्ती तुमच्या चेहऱ्यांवर पुरेशी दिसते आहे. तेव्हा मी घड्याळाविषयी बोलतो.

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. पायथ्याचे गाव बारी, तालुका अकोले. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाताना वाटेतच लागते. एवढ्या उंचीवर हवा विरळ होऊन त्रास होईल, अशी भीती काही पालकांनी मघाशी बोलून दाखवली. तिचे निरसन आधी करतो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ऐंशी टक्क्यांहून थोडा अधिक असतो. विरळ हवेचा विकार साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर संभवतो. सह्याद्रीत त्याचे भय नाही. येथे माणसाला थकवतो तो उभा चढ. बारीपासून माथ्यापर्यंत सुमारे पावणेतीन हजार फूट शरीराचे ओझे स्वतःच्याच पायांनी उचलायचे असते आणि तितकेच खाली उतरवायचे असते, तेही सूर्यास्ताच्या आत.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक साधा हिशेब मांडला. दर तीन मैलांच्या चालीला एक तास धरावा आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास वाढवावा. या हिशेबाने कळसूबाईच्या नुसत्या चढापोटीच सुमारे एक तास वीस मिनिटे वाढतात. पण नेस्मिथचा चालणारा धडधाकट आहे आणि तो वाटेत थांबत नाही. त्याच्या गणितात लोखंडी शिड्यांपुढची रांग नाही, लिंबूसरबताचा थांबा नाही, छायाचित्रे नाहीत आणि 'तुम्ही व्हा पुढे, मी येतो' म्हणणारे आपले काका तर मुळीच नाहीत. म्हणून आपल्या गटाने चढायला चार तास धरावेत.

बहुतेकांचा हिशेब येथेच संपतो. माथा गाठला की मोहीम फत्ते, असे मनात ठरलेले असते. उतार म्हणजे घरंगळत यायचे, त्यात काय? वास्तविक शरीराची खरी परीक्षा उतारावर होते. चढताना मांडीचा स्नायू आखडत बळ लावतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो. या प्रकारच्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना अधिक इजा होते. सोमवारी-मंगळवारी जिना उतरताना जी कळ येते, ती याची. शिवाय उतरताना माणूस दमलेला असतो, पाणी संपत आलेले असते आणि ध्येय गाठल्याच्या समाधानाने लक्षही सैल झालेले असते. मुरमाड घसाऱ्यावर पाय सटकतो तो अशा वेळी. पायाला साधी मुरगळ पडली, तरी त्या माणसाला शिड्यांवरून खाली कसे न्यायचे, याचा विचार निघण्यापूर्वी किती जण करतात?

हल्ली एक नवीन पद्धत रूढ झाली आहे. शुक्रवारी वा शनिवारी कचेरी सुटली की रात्री मुंबई-पुण्याहून बस निघते. रात्रभर गाणी, पहाटे दोन-तीनला पायथा, अंधारात चढाई, माथ्यावर सूर्योदय, दुपारी परतीची बस. एक रात्र झोप नाही, पोटात वडापाव, आणि सोबतचे चाळीस जण एकमेकांना नावानेही ओळखत नाहीत. पैसे भरलेले असल्यामुळे मागे फिरायला कोणी राजी नसतो, आणि मागे फिरवायला नेणाराही राजी नसतो. यात धाडस किती आणि धंदा किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर रात्रभर जागलेल्या माणसाला शिडीवर चढवूच नये.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. जपानचे फुजी शिखर ३,७७६ मीटर उंच. मुक्काम न करता रात्रीतून धावतपळत माथा गाठून परतणाऱ्यांना तेथे 'गोळीसारखे चढणारे' म्हणतात. त्यांचा उपद्रव इतका वाढला की २०२४ साली यामानाशी प्रांताने सर्वाधिक गर्दीच्या वाटेवर फाटकच बसवले, दिवसाला चार हजारांची मर्यादा घातली आणि शुल्क लावले. डोंगरातल्या विश्रामगृहात जागा राखून ठेवणाऱ्यालाच फाटक बंद झाल्यावर सोडायचे, असा नियम केला. २०२५ साली ही बंद होण्याची वेळ दुपारी चारवरून दोनवर आणली गेली. शिस्तीसाठी नावाजलेल्या समाजालाही अखेर फाटक लावावे लागले!

आपल्याकडेही ही वेळ दूर नाही. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांत बागलाणातील साल्हेर आहे, १,५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. फेब्रुवारी १६७२ मध्ये याच्या पायथ्याशी प्रतापराव गुजर आणि मोरोपंत पिंगळे यांनी मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला; सूर्यराव काकडे येथेच पडले. हा अभिमान घेऊन अधिकाधिक लोक तेथे जाणार, जावेच. पण भर उन्हात रिकाम्या बाटल्या घेऊन, महाराजांचा जयजयकार करीत 'आता माघार नाही' म्हणणारे तरुण पाहिले की मला पुरंदरचा तह आठवतो. जून १६६५ मध्ये महाराजांनी तेवीस किल्ले देऊन टाकले. पाच वर्षांनी ते एकेक करून परत घ्यायला सुरुवात केली आणि १६७१ मध्ये, पूर्वी आपल्याकडे नसलेला साल्हेरही घेतला. ज्यांच्या नावाने आपण मागे फिरायला नकार देतो, त्यांना कधी मागे सरावे हे आपल्याहून पुष्कळच अधिक कळत होते.

आणखी एक गोष्ट. कळसूबाईची लोककथा तुम्ही ऐकली असेल. कळसू ही कोळ्यांची मुलगी. एका घरी कामाला राहिली ती या अटीवर की, केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. अट मोडली गेली, तेव्हा ती डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. माथ्यावरचे शेंदरी देऊळ तिचे. नवरात्रात पंचक्रोशीतले लोक तिच्या दर्शनाला चढतात. केर काढायला लावला म्हणून घर सोडलेल्या त्या मुलीच्या अंगणात आपण वेफर्सच्या पिशव्या टाकून येतो. पायथ्याच्या गावांतले महादेव कोळी बांधव तिला आई मानतात. ते बोलून दाखवत नाहीत इतकेच.

अपघात झाला की आधी धावून येतात तेही हेच गावकरी. मग राज्यातल्या गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक येतात. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर हे काम जुळवून आणते. स्ट्रेचर घेऊन अंधारात वर जाणारा हा माणूस दुसऱ्या दिवशी नोकरीवर हजर असतो, हे पालकांनी मुलांना आवर्जून सांगावे.

आता रविवारचे. आपली गाडी शनिवारी दुपारी निघेल आणि बारीत मुक्काम होईल. रात्री दहानंतर गाणी नाहीत. दिवाळी नुकतीच झाली आहे. साडेसहानंतर उजाडते आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पावणेसातला चालायला लागू. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी, मीठ-साखर-लिंबू, गूळ-शेंगदाणे, विजेरी, शिट्टी आणि स्वतःच्या कचऱ्यासाठी एक पिशवी. सर्वांत हळू चालणारा पुढे, अनुभवी दोघे सर्वांत मागे. अकरा वाजता जो जिथे असेल तिथून मागे फिरेल, माथा दहा मिनिटांवर असला तरी. ज्यांना ही अट मान्य नाही, त्यांनी नाव देऊ नये. ज्यांना मान्य आहे, त्यांनी चहाच्या सुट्टीत बाहेरच्या टेबलावर नाव, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक लिहून द्यावा.